बावीस मशीन, एकातही डिस्क नाही

बाई, आपल्या संगणक खोलीतली बावीसही मशीन आज चालू आहेत आणि त्यातल्या एकाच्याही पोटात हार्ड डिस्क नाही. तुम्ही असता तर हे मी तुम्हाला फोनवर ओरडून सांगितलं असतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून लिहिते आहे. बसले आहे तुमच्याच टेबलाशी. मुली घरी गेल्यात, कूलर घरघरतो आहे आणि खिडकीला लावलेली खसची ताटी वाळून कडक झाली आहे. ज्या आयटीआयमध्ये तुम्ही मला शिकवलं तिथेच मी तोच कोर्स शिकवते, एवढं तुम्ही पाहून गेलात. त्याच्या पुढचं पाहायचं राहिलं, ते सांगते.

हिवाळ्यापासून डिस्क एकेक करून जायला लागल्या. सकाळी बटण दाबावं तर आतून टकटक आवाज यायचा आणि पडदा काळाच राहायचा. आधी तीन गेल्या, मग सात, आणि होळीपर्यंत चौदा. एका मशीनवर तीन-तीन मुली बसू लागल्या. नव्या मशीनचा प्रस्ताव कुठेतरी फिरत होता. मग एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं आणि सरळ सांगितलं, "मॅडम, मे महिन्यात तपासणी आहे. वीस मशीन चालू दिसली नाहीत तर आपली बॅच दुसऱ्या संस्थेत हलवतील. ही मशीन भंगारात काढायची तयारी ठेवा." ती दुसरी संस्था शहराच्या पार त्या टोकाला आहे. माझ्या वर्गात उमरेडची एक विद्यार्थिनी आहे, अठ्ठावीस वर्षांची. मुलीला सासूजवळ ठेवून रोज एसटीने येते. ती टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बॅच तिकडं गेली तं मह्यानं नाही होत जी. दोन बस बदलून घरी पोचाले अंधार पडन. घरचे म्हणतीन, बस झालं शिकणं." तिच्यामागे आणखी चौघी उभ्या होत्या. त्यांचंही तेच होतं, फक्त बोलली ती एकटी. दुसऱ्या दिवशी लकडगंजहून भंगारवाला आला, एक मशीन हातात उचलून त्याने वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "मॅडम, इसमें अब कुछ नहीं बचा, किलो से जाएगा." मला इतका राग आला की मी म्हटलं, "आठ दिन बाद आना." आठ दिवसांत काय करणार होते, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या दुपारी मी बंद पडलेलं एक मशीन उघडून बसले. बोर्ड ठीक, मेमरी ठीक, नेटवर्कचं कार्ड ठीक. मेली होती फक्त डिस्क. आणि बाई, मला एकदम तुमचा तो दिवस आठवला. आपल्याकडे तेव्हा एकच लिनक्सचा सर्व्हर होता, त्याला जोडलेले आठ टर्मिनल, आणि सगळ्या मुलींचं काम त्या एकाच सर्व्हरवर. मी कुठेतरी वाचलं होतं की मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून सिस्टीमला सांगता येतं, ही डिस्क आहे असं समज. मी तुम्हाला न विचारता तसं केलं आणि शहाणपणा म्हणून सगळ्यांच्या प्रात्यक्षिकाच्या फायली त्यावर नेऊन ठेवल्या. फायली झटकन उघडू लागल्या, मुली खूश, मी तर हवेत. जेवणाच्या सुट्टीत लाइन गेली. मेमरी ती, वीज जाताच पुसली गेली; लाइन परत आली तेव्हा तो तुकडा कोरा होता. बारा मुलींचं पंधरा दिवसांचं काम गेलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. चष्मा काढलात, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "काहून केलं वं असं?" मी म्हटलं, वेग वाढावा म्हणून. "तुले वेग पाहिजे होता. त्याहिले त्याहिचं काम पाहिजे होतं. इचारलं होतं का कोनाले?" मग तुम्ही मला एकेकीच्या शेजारी बसवलंत, तिने आठवून सांगायचं आणि मी टाइप करायचं. बारा दिवस लागले. त्यातली एक माझ्याशी शेवटपर्यंत बोलली नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही आता मला सर्व्हरला हात लावू देणार नाही. पण त्याच आठवड्यात रविवारी तुम्ही मला रामटेकला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसले आहे, तुम्ही सुपात तांदूळ निवडता आहात आणि निवडता निवडता मला विचारता आहात, "सांग, काय काय केलं होतं तू, एकेक करून." मी घाबरत सांगते. आधी मेमरीतली जागा मागितली, मग तिच्यावर फायलींच्या कप्प्यांची फाइलसिस्टीम आखली, मग ती एका डिरेक्टरीला जोडली. तुम्ही मान हलवता. "करणं बरोबर होतं. ठेवणं चुकलं. जे पुन्हा बनवता येते ते तिथं ठेवावं. जे पुन्हा बनवता येत नाही त्याले तिथं जागा नाही." त्या दिवशी जेवणात वालाची भाजी होती आणि तुमच्या यजमानांनी मला दोनदा वाढलं. निघताना तुम्ही तुमच्याकडची युनिक्सची जाडजूड पुस्तिका दिलीत, झेरॉक्स केलेली, दोऱ्याने शिवलेली. समासात तुमच्या हातची मराठी टिपणं होती. बसमध्ये मी ती मांडीवर घट्ट धरून बसले होते. आई गेल्यावर मला कुणी काही दिलं असं ते पहिलंच.

तर बाई, त्या उघड्या मशीनसमोर बसून मी विचार केला, की सिस्टीम म्हणजे पुन्हा बनवता येणारीच गोष्ट. ती बावीस ठिकाणी डिस्कवर असायची गरजच काय? एका जागी, खोलीतल्या सर्व्हरवर, नीट ठेवावी, मशीन चालू झालं की त्याने केबलमधून सर्व्हरकडे मागावी, सर्व्हरने पाठवावी आणि मशीनने ती आपल्या मेमरीत डिस्कसारखी मांडून घ्यावी. मुलींचं काम मात्र मेमरीत ठेवायचंच नाही. ते टाइप होता होताच सर्व्हरवर जाईल. उरलेल्या आठ मशीनच्या डिस्कही काढायच्या, त्यातल्या दोन चांगल्या सर्व्हरला, शिवाय त्याला इन्व्हर्टर. या वेळी मी आधी मुलींना विचारलं. फळ्यावर सगळं काढून दाखवलं, काय जाऊ शकतं आणि काय जाणार नाही तेही सांगितलं. उमरेडवाली म्हणाली, "आमचं काम तुमच्या सर्व्हरवर राहीन ना जी? मंग करा."

पहिले तीन दिवस काहीच जमेना. मशीन सर्व्हरला हाक मारायचं, सर्व्हर ऐकायचाच नाही. केबलचा एक जोड सैल होता, तो सापडायला अख्खी एक दुपार गेली. मग सिस्टीम आली, पण मी मेमरीतल्या डिस्कला वाजवीपेक्षा जास्त जागा देऊन ठेवली होती. ती भरत गेली तशी प्रोग्रॅमना मेमरी उरेना आणि ब्राउझर उघडला की मशीन जागच्या जागी थिजायचं. मी आकार निम्म्यावर आणला, मग आणखी कमी केला. तुमच्या पुस्तिकेतल्या कमांड आता जुन्या झाल्यात, पण समासात एका ठिकाणी तुम्ही लिहिलं होतं, 'आधी मोज, मग माग'. मी मोजलं. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पाच नंबरचं मशीन सुरू झालं, डिस्कविना, आणि पडद्यावर लॉगिन आलं. मी टाळ्या वाजवल्या, एकटीनेच. शिपाईमावशी धावत आल्या, "काय झालं वं बाई, करंट लागला का?" आठव्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा सतरा चालत होती. त्याने दारातूनच बघितलं, "अरे वा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तपासणीला तिघं आले. त्यातले जे मुख्य होते त्यांना यंत्रातलं कळत होतं. त्यांनी आठ नंबरच्या मशीनची बाजू उघडायला लावली, आत बोट घालून रिकामी जागा चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, डिस्क कुठंय?" मी म्हटलं, "नाही, सर. एकातही नाही." पडद्यावर त्या मशीनवर बसलेल्या मुलीचा तक्ता उघडा होता, ती टाइप करतच होती. ते म्हणाले, "म्हणजे लाइन गेली की सगळं गेलं." प्राचार्यांनी घाम पुसला. मी भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, "सर, परवानगी असेल तर दाखवते." उत्तराची वाट न बघता मी खोलीचा मेन खाली ओढला. बावीस पडदे एकदम काळे. पंखे थांबले, खोलीत इतकी शांतता की बाहेर रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली. मग मेन वर केला. मशीन एकामागून एक सर्व्हरकडे मागू लागली. चार मिनिटं लागली. सहा आली, अकरा आली, एकवीस आली. कोपऱ्यातलं एक येईना. उमरेडवाली उठली, मागे वाकून केबल आत दाबली आणि तेही आलं. प्रत्येकीने आपली फाइल उघडली. साहेब एकेकीच्या मागे जाऊन बघत होते. आठ नंबरच्या मुलीने न विचारता सांगितलं, "शेवटचा शब्द पण आहे, सर."

ते हसले. खरंच हसले. कागदावर काहीतरी लिहिलं आणि प्राचार्यांना म्हणाले, "बॅच इथंच राहू द्या." मुली बाकांवर उभ्या राहून ओरडल्या, साहेब खोलीत असताना. उमरेडवालीने माझा हात धरला आणि हलवतच राहिली. शिपाईमावशींनी कुठूनतरी पेढे आणले.

हे पत्र टाकणार नाही. रामटेकच्या घरी आता तुमची सून असते, तिच्या हाती पडलं तर ती बिचारी गोंधळेल. शिवाय एक गोष्ट आहे. निघताना साहेबांनी दारात थांबून विचारलं, "मॅडम, हे तुम्ही शिकलात कुणाकडून?" तुमचं नाव माझ्या ओठांवर होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मुलीसुद्धा. मी म्हटलं, "माझं मीच, सर." आणि बाई, खोटं असून ते म्हणताना मला फार छान वाटलं.