गौरीला लॅमिनेशन

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार
आजपासून काळजी करायची नाही. हे वहीच्या समासातही लिहून ठेवलं आहे. दोनदा.
लोणावळ्याच्या वाचनालयात माझे तात्पुरत्या कामाचे तीन महिने ५ सप्टेंबरला संपतात. त्याच दिवशी वर्धापनदिन. मॅडम धरून पन्नास जणांना काय द्यावं, असं ग्रंथपाल अनिता मॅडम विचारत होत्या. मी म्हणाले, दाबून वाळवलेल्या फुलांचे बुकमार्क, घरी करून आणते. त्या म्हणाल्या, कपाटात पेनं आहेत, पण बघ. कार्यक्रम झाला की तुझ्या पुढच्या कामाचं बोलू. म्हणजे नोकरी पक्की. बोलायचं तेवढं राहिलंय.
घरी वडिवळ्याला आल्यावर बाबांना सांगितलं. आमच्यात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नाही, त्यामुळे बुकमार्क म्हणजे काय इथपासून सुरुवात. बाबा म्हणाले, “म्हंजी कुटवर आलो ते इसरू नये म्हणून? आमी दगड ठिवतो की.” भाताची बेणणी करताना तण काढत जिथे थांबतात, तिथे बांधावर दगड ठेवतात. मी वाद घातला नाही. विषय खोल आहे.

२३ ऑगस्ट
फूल ठरलं: तेरडा. फुकट आणि भरपूर. पण बांध शेजारच्या गोरखभाऊंचा. न विचारता तोडणं बरं नाही. विचारलं. म्हणाले, गाडीभर ने. साठ फुलं घेतली. दोन रोपं चुकून मुळासकट आली, ते परत जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.
आई म्हणाली, तेरड्याचा रंग तीन दिवस. मी म्हटलं, म्हण वेगळी, शास्त्र वेगळं.
वजनाला वाचनालयातली जाड पुस्तकं चालली असती, पण ती स्वतःच्या कामाला वापरणं नियमात बसत नाही. घरात जड एकच वस्तू, तांदळाची गोणी. फुलं वर्तमानपत्रात घालून गोणीखाली.

२६ ऑगस्ट, सकाळी ७
गोणी हलकी होतेय. पाच माणसं, दोन वेळा. वजन टिकावं म्हणून मी भात सोडला आहे. बाकीच्यांनीही सोडावा असं सुचवलं. आईने ताट माझ्यासमोर जरा जोरात ठेवलं.
आज उघडून पाहिलं. रंग गेला आहे. तीनच दिवसांत, हा योगायोग. एका पाकळीवर ‘निविदा सूचना’ उलटी उमटली आहे. वाचनालयाला शोभेल.

२८ ऑगस्ट
पन्नास कार्डं चिकटवून तयार. सरळ राहावीत म्हणून परत गोणीखाली. आता काही अडचण येण्यासारखी उरलेली नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
गौर आली. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडाच. मूर्ती नाही, मुखवटा नाही. बायका ओढ्यावरून तेरड्याची जुडी गाणी म्हणत आणतात, जेवू घालतात, तिसऱ्या दिवशी पाण्यात बोळवतात. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरीही.
आईने तांदूळ काढायला गोणी सरकवली. खाली पन्नास कार्डं. ती तिथेच बसली. “गौर आठ दिस आदीच घरात आलीया, आन तू तिला गोणीखाली ठिवली? उपाशी?”
मी म्हटलं, ही फक्त वनस्पती आहे. तिने पाटावरच्या जुडीकडे बोट केलं, मग ती काय हाये? मी जवळ जाऊन पाहिलं. वनस्पती तीच आहे.
संध्याकाळी पन्नासही कार्डं पाटावर मांडली. प्रत्येकीला हळद-कुंकू, भाजी-भाकरी. फुगडीला आलेल्या नंदाबाई मावशी म्हणाल्या, औंदा लय गौरी आल्यात.
जमेची बाजू: फुलांना रंग आला.

१ सप्टेंबर
उद्या सगळ्यांना बोळवायचं म्हणते आई. मी पुष्कळ मुद्दे मांडले. ती म्हणाली, “तू शिकलेली हायेस, तूच सांग. निम्मी गौर बोळवायची आन निम्मी ठिवायची, आसं आसतं व्हय?”
उत्तर सापडलं नाही. उपाय सापडला. कामशेतला झेरॉक्सवाल्या आकाशकडून पन्नासही बुकमार्क लॅमिनेट करून आणले. उद्या बुडवायचे आणि काढायचे. धर्मही राहील, नोकरीही.
मग वाटलं ही फसवणूक होईल. आईला सांगून टाकलं. म्हणाली, रेनकोट घातला व्हय, बरं केलंस, पानी गार आसतं.

२ सप्टेंबर
जुडी पाण्यात गेली. मग मी सुपातली कार्डं एकेक करून बुडवणार, तेवढ्यात आईने सूप उलटं केलं.
लॅमिनेशन बुडत नाही. ओढ्याला ओढ फार. मी कडेकडेने पळाले, मग पाण्यातून पळाले. काठावरून नंदाबाई मावशी सांगत होत्या, गौरीला जायचंय, वढू नगंस. एकोणपन्नास बुकमार्क सापडले. कडेने पाणी शिरून सगळे गुलाबी झालेत.
बोळवलेली गौर पाहुण्यांना वाटायची कशी, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, बोळवली ती गेली, आता ह्ये नुसते कागद.
छान. पन्नासाव्याच्या जागी मॅडमना कपाटातलं एक पेन. काळजी नाही.

५ सप्टेंबर
बुकमार्क वाटले. प्रमुख पाहुण्यांनी हातात घेतला, कुंकू पाहिलं, चप्पल काढली, कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग रांगेने सगळ्यांनी तसंच केलं. एका बाईंनी विचारलं, कुठल्या देवीचा? मी म्हटलं, बुकमार्क आहे. त्यांनी विचारलं, जागृत आहे का?
एकानेही पुस्तकात ठेवला नाही.
नंतर मॅडम बोलल्या. वाचनालयात प्रसाद वाटणं समितीला रुचलेलं नाही. पुढच्या कामाचं आता अवघड दिसतं. जाताना मॅडमनी आपल्या वाट्याचं पेन मला दिलं. त्यानेच लिहिते आहे. चांगलं चालतं.

६ सप्टेंबर, दुपार
वेळ होता म्हणून बाबांची भाकरी शेतावर घेऊन गेले. बांधावर दगड, आणि दगडाखाली पन्नासावा. ओढ्यातून पाटाच्या पाण्याने वाहत भातात आला होता.
बाबा म्हणाले, “नुसता दगड गवतात दिसत न्हाई. ह्यो लांबून चमाकतो. हितवर झालंय.”
पन्नासातला एक कामाला लागला. मी तेवढी राहिले.