मुखपृष्ठावरचं नाव

न्यू ऑर्लिन्स, ४ मार्च १८५८

ती. थेओद्यूलदादास,
सा. न. वि. वि.

पपांचा वॉल्ट्झ पूर्ण झाला! डोळे पार गेलेत, म्हणून ते व्हायोलिनवर वाजवायचे आणि मी सूर कागदावर उतरवायचे. चुकले की गज माझ्या डोक्यात! डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघणार नाही. तीस वर्षं लोकांच्या पोरींना शिकवलं. आता एकदा स्वतःचं नाव छापलेलं हवंय त्यांना. बाकी काही नको.

पण रॉयल स्ट्रीटवरचा छापणारा गारो म्हणतो, नाव फ्रेंच असून भागत नाही, माणूस पॅरिसचा हवा. इथल्या बायका पॅरिसचंच वाजवतात. त्यात आपण सावळे. सोबत वॉल्ट्झची नक्कल धाडतेय, तिथल्या कुणा बड्या माणसाची शिफारस मिळव ना! आळस केलास तर माझ्या हातचा गंबोचा रस्सा विसर.

तुझी मार खाल्लेली,
ओदाली

पॅरिस, २२ एप्रिल

चि. ओदालीस,
अनेक आशीर्वाद.

पाच उंबरठे झिजवले. शेवटी माझे गुरू बेलांजे यांनी वॉल्ट्झ वाजवून पाहिला, तोही दोनदा. म्हणाले, सुरेख आहे, पण शिफारशीनं काय होणार? सरळ माझंच नाव घाला. मी चिडून उठलो. जिन्यात वाटलं, निदान सूर तरी छापले जातील. परत वर गेलो आणि हो म्हणालो. गारोला त्यांचं पत्र गेलंय.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पपांना मात्र तूच सांग, माझ्यानं होत नाही.

माया पातळ करू नकोस.
थेओद्यूल

न्यू ऑर्लिन्स, १५ जून

ती. दादास,
नमस्कार.

मलाही सांगवलं नाही. काल प्रत आली. वर गुलाबाची वेल, मध्ये ठसठशीत अक्षरांत बेलांजे, पॅरिस. पपांनी पान नाकाला लावून शाईचा वास घेतला. मग म्हणाले, माझं नाव कुठंय, बोट ठेव बरं. मी त्यांचं बोट बेलांजेच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. खूश झाले. म्हणाले, बरंच मोठं छापलंय की गं.

आता भेटायला येईल त्याला नाव मोठ्यानं वाचायला लावतात. मी दारातच उभी असते, काय वाचायचं ते सांगायला.

लोभ आहे की गेला, मलाच कळत नाही.
ओदाली