उंबऱ्याबाहेरचा शिपाई

।। श्री ।।

शनिवार पेठ, सातारा
दि. ८ सप्टेंबर १९७४

चि. केरबा यांस जोतीराम भोईटे याचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुमचे श्रावणातील पत्र पोचले. उत्तरास विलंब झाला, त्याचा राग नसावा. माझी प्रकृती ठीक आहे. बाहेर जाणे मात्र होत नाही. तुमची बहीण मनुबाई गेल्यास आठ महिने झाले. दूध, भाजी, टपाल हे सारे शेजारच्या हरणाबाई आणून देतात, त्यामुळे उंबरा ओलांडण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

चि. लालासाहेबाने इंग्लंडहून एक खोका पाठविला आहे. त्यात प्लॅस्टिकचे बोटभर उंचीचे शिपाई आहेत. धड, पाय, हात, डोकी सर्व सुटे असते व ते गोंदाने जोडावयाचे असते. वडिलांच्या हातांना काही काम असावे, असे त्याने लिहिले आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मुलाने बापास खेळणी पाठवावीत याचे प्रथम हसू आले. नंतर एक कल्पना सुचली.

१९४६ च्या मार्चमध्ये तुम्ही इटलीच्या लढाईवरून कुंडलास परतलात, तो प्रसंग एका फळीवर उभा करावा. तुम्ही दाराबाहेर उभे आहात आणि मनुबाई भाकरतुकडा ओवाळून तुमच्या पायांवर पाणी घालीत आहेत. हा प्रसंग त्यांनी मला व लालासाहेबाला इतक्या वेळा सांगितला की तो माझ्या डोळ्यांपुढे आहे. पौषातील वर्षश्राद्धापूर्वी काम पुरे व्हावे अशी इच्छा आहे. तरी तुमची टोपी कशी होती, पट्ट्याचे बक्कल कोणत्या धातूचे, पिशवी कोणत्या खांद्यावर व रायफल कोणत्या, हे सविस्तर कळवावे. अशा कामात चुकीला जागा असू नये.

चंद्राबाईंस आशीर्वाद सांगावेत. लोभात अंतर पडू देऊ नये, ही विनंती.

जोतीराम

—

कुंडल
१९ सप्टेंबर

ती. दाजी यांस केरबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आवं दाजी, माझ्या बकलाची चवकशी अठ्ठावीस वर्सांत कुनी केली नव्हती, लग्नाच्या बायकोनं सुदिक न्हाई. तुमचं पत्र चंद्रीला वाचून दावलं. ती म्हनली, दाजी रिकामं बसून पोरागत झालं. मी म्हनलं, झालं तर झालं, बरंच हाय.

आता ऐका. रायफल पयली काढून टाका. मानूस रायफल डेपोत जमा करून मगच घरी येतो, ती काय कुऱ्हाड हाय व्हय खांद्यावर टाकून गावभर मिरवायला? पिशवी डाव्या खांद्यावर. उजवा दुखावला व्हता. बक्कल पितळी, टोपी तिरकी. आन त्या खोक्यातला शिपाई गोरा आसंल, तवा त्याचं नाक घासा. आमच्या घरात येवडं नाक कुनाला न्हाई. पोट बी ठेवू नका. हे पोट पेन्शनीचं हाय, तवाचं न्हवं.

ऱ्हायलेलं काय लिवू. समक्ष या, मंग बोलू. ऊस हुबा हाय, गुऱ्हाळ लागंल, घटकाभर काहिलीपाशी बसा. घरात बसून बसून लाकूड व्हाल.

धाकट्यावर माया हाय तशी ऱ्हाऊ द्या.

केरबा

—

सातारा
दि. १४ ऑक्टोबर १९७४

चि. केरबा यांस अनेक आशीर्वाद. विशेष.

तुमच्या सूचनांप्रमाणे बदल केले. रायफल धारदार पात्याने कापून काढली. मूठ मात्र मिटलेलीच राहिली आहे, जणू हातातून काही निसटल्याचे तिला अजून उमगले नाही. पिशवीचा पट्टा दंतमंजनाच्या रिकाम्या नळीच्या पत्र्यातून कापला. नाक घासले.

खरी अडचण मनुबाईंची होती. खोक्यात स्त्री एकही नाही. पुष्कळ विचार करून बाँब फेकणारा शिपाई निवडला, कारण त्याचा उजवा हात वर उचललेला आहे. बूट तासून पावले केली. चहाच्या पुड्यातील पातळ कागद डिंकाच्या पाण्यात भिजवून नऊवारीच्या निऱ्या सुईने बसविल्या. अंबाडा, रंगारी लाकडातील भोके बुजवितात त्या लांबीच्या लगद्याचा आहे. लुगडे चांगले जमले आहे. चेहरा जमत नाही. तीनदा रंगवून तीनदा खरवडला. घरात त्यांचे एकच छायाचित्र आहे व त्यात त्या जमिनीकडे पाहत आहेत.

दाराच्या आत, त्यांच्या मागे मी स्वतः उभा आहे. दुर्बीण धरलेल्या एका अधिकाऱ्याची दुर्बीण कापून त्याचे हात खाली आणले व त्याला लांब कोट दिला. त्या दिवशी मी नेमका कोठे उभा होतो हे स्मरत नाही. बहुधा आतच असेन.

टेबल खिडकीशी आहे. खिडकीचा खालचा भाग तेवढा उघडतो, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांची पावले दिसतात, माणसे दिसत नाहीत. पावले करण्यास त्याचा उपयोग झाला.

आता एवढेच कळवावे: भाकरीचा तुकडा त्यांच्या उजव्या हातात होता, तर पाण्याचे भांडे कोणते होते व डाव्या हाती कसे धरले होते? पदर डोक्यावरून होता की कमरेस खोचलेला? तुमच्या उत्तरावाचून काम अडले आहे.

ममता असू द्यावी.

जोतीराम

—

कुंडल
२२ नोव्हेंबर

ती. दाजी यांस शिरसाष्टांग नमस्कार.

उशीर झाला. ऊसतोड चालू हाय हे कारन सांगनार व्हतो, पर ते खोटं. तीनदा लिवाय बसलो आन उठलो.

दाजी, आक्काचा पदर कसा व्हता ते मी कसं सांगू? आक्का त्या दिवशी कुंडलात नव्हतीच.

मी किर्लोस्करवाडीला उतरून चालत आलो. आईनं दारातच थांबवलं. म्हनली, भनीनं तुकडा ओवाळल्याबिगर आत पाय टाकायचा न्हाई. सांगलीला दाजींच्या बिऱ्हाडी सांगावा धाडलाय, सांजच्या गाडीनं मनू येतीच हाय. मी बूट घालून उंबऱ्याभायेर हुबा. सारं गाव जमलं. म्हनले, गड्यानं इटली जिंकली आन घर काय जिंकता येईना. मी बी हसत व्हतो. गाडी आली. आक्का न्हाई आली. गुंडा तेली सांगलीस्नं आला, त्याच्या हाती तुमची चिठ्ठी आली. मंग आईनंच तुकडा ओवाळला.

तुमची परीक्षा झाली तवर माझी रजा सपली. फुडं दोन वर्सांनी आक्का भेटली, तवा तिनं मला सारं इचारून घेतलं. भाकरी जोंधळ्याची का बाजरीची, पानी तांब्यात का गडूत, मी कुठला पाय आदी टाकला. मला वाटलं, बायकांची हौस. तुमास्नी ती काय सांगत आली ते तुमच्या पत्रावरनं आत्ता कळलं.

मी रागानं लिवत न्हाई. राग आसता तर तवाच लिवलं आसतं. तुमी बकलाचं सुदिक खरं मागता, म्हून ह्ये बी खरं लिवलं. चिठ्ठी आईच्या डब्यात ऱ्हायली व्हती. सोबत धाडतो.

वर्सश्राद्ध इकडं करू. तुमी या आन आक्काला घिऊन या. आता तरी परीक्षा सपली आसंल.

उलटसुलट लिवलं आसंल तर पोटात घाला.

केरबा

—

सातारा
दि. ६ जानेवारी १९७५

चि. केरबा यांस अनेक आशीर्वाद. विशेष.

चिठ्ठी मिळाली. अक्षर माझेच आहे. "बी.ए.ची परीक्षा पंधरा दिवसांवर आली असून स्वयंपाकाची अडचण होईल. परीक्षा आटोपल्यावर पाठवितो." शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मनुबाईंनी तो प्रसंग प्रथम सांगितला तेव्हा लालासाहेब चार वर्षांचा होता. मी समोर वर्तमानपत्र वाचीत होतो. त्या सांगतात ते घडले नाही, हे मला तेव्हा ठाऊक होते. दुसऱ्या वेळीही ठाऊक होते. पुढे केव्हातरी ते ठाऊक असणे थांबले. मला ते सोयीचे होते, यापलीकडे कारण देता येत नाही. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. तो दिवस त्यांनी आपला आपण करून घेतला आणि मी त्यात आयता राहत आलो.

चेहरा का जमत नव्हता, तेही आता कळले. त्या संध्याकाळी तो चेहरा सांगलीच्या खोलीत चुलीकडे वळलेला होता. खोली दहा फुटांची होती. तरी मी तो पाहिला नाही.

तुमच्या बोलावण्याप्रमाणे परवा निघालो होतो. फळी कापसात गुंडाळून पेटीत बांधली, कोट घातला, दार ओढले. कुलूप लागेना. वर्षभर घराला बाहेरून कुलूप लागलेले नाही. ते गंजून गेले आहे. मी ओट्यावर बसलो. गाडीची वेळ टळेपर्यंत बसलो व आत आलो. कुलपाचे दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही ते लिहिण्यापूर्वी मीच लिहितो.

म्हणून मनुबाईंना एकट्यांनाच पाठवीत आहे. पार्सल हरणाबाई उद्या पोस्टात देतील. या वेळी मी त्यांना अडवीत नाही. कापूस जपून काढावा, उजवा हात नाजूक आहे. चेहरा कोराच ठेवला आहे. तिसरी आकृती काढून घेतली. ती तेथे नव्हती.

क्षमा मागण्याचा मजकूर मला लिहिता आला नाही. तो असल्याचे समजावे.

जोतीराम

—

कुंडल
१७ जानेवारी

ती. दाजी यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आक्का पोचली.

पोष्टमन बिराप्पा पार्सल घिऊन आत येत व्हता, चंद्रीनं त्याला दारातच अडवलं. म्हनली, थांबा, नणंद आलीया. बिराप्पा बघतच ऱ्हायला. तिनं भाकरीचा तुकडा आनला, पार्सलावरनं ओवाळून टाकला. पानी उंबऱ्यावर घातलं, पेटीवर न्हाई. रंग जाईल म्हनली. मंग आत घेतलं.

माझं नाक आजून गोऱ्याचंच हाय, दाजी. आनिक घासाय पायजे व्हतं. आक्काला त्वांड न्हाई, पर हात बघितला आन मी वळखलं. लहानपनी आस्साच उगारायची माझ्यावर. बाँब फेकनाऱ्याची आक्का केली, ते अगदी बरूबर झालं. चंद्री हसली आन मंग डोळं पुसत आत गेली.

दारामागं फळीला टाचनीचं भोक ऱ्हायलंय, तुमची आकृती व्हती तिथं. अर्जुना सुतार आला व्हता. लांबी भरून बुजवू का म्हनला. मी नगं म्हनलं.

श्राद्धाला धा दिस हायती.

केरबा

—

सातारा
दि. २१ जानेवारी १९७५

चि. केरबा यांस अनेक आशीर्वाद. विशेष.

हरणाबाईंकरवी नवे कुलूप आणविले. काल ते बाहेरून लावून पाहिले. लागते. मी काही वेळ रस्त्यावर उभा होतो. लोकांना चेहरे आहेत.

तिसऱ्या आकृतीच्या पायाची टाचणी वाकली होती, ती सरळ केली आहे. चष्म्याच्या डबीत ती नीट बसते.

शनिवारी निघावे असा विचार आहे. पुन्हा ओट्यावर बसणार नाही, असे वचन देण्याचे धाडस होत नाही. परंतु पोचलो, तर मी दाराबाहेर थांबेन. कोणी बोलावल्यावाचून आत येणार नाही. किती वेळ थांबवावे, ते तुम्ही ठरवावे.

जोतीराम