तो मासा बंदीचा नव्हता

प्रति,
मा. सागरी निरीक्षक,
म्सुफिनी प्रवाळ राखीव क्षेत्र कार्यालय.

विषय : जप्त होडी परत मिळणे व मासा चुकीचा ओळखला गेल्याबाबत.
संदर्भ : गेल्या शुक्रवारची आपली जप्ती.

महोदय,

१. अर्ज सादर करतो की, माझ्या होडीतला मासा बंदी असलेला टेंगूळमासा नव्हता. टेंगूळमासा लहान असताना त्याच्या कपाळाला टेंगूळ आलेले नसते, म्हणून नवखा माणूस फसतो. पण त्याच्या डोळ्यामागे दोन काळ्या रेघा असतात. माझ्या माशाच्या तोंडावर लाल ठिपके होते व शेपटीजवळ पांढरा पट्टा.

२. मासा ओळखण्यास आपण गावच्या मच्छीमार समितीचे जाणकार सेफू किपांगा यांना बोलावलेत, ते योग्यच. परंतु सेफू माझा सख्खा मामेभाऊ. आमच्यात आते-मामेभावांचे नाते थट्टेचे. त्याने काहीही बोलावे, माझे काहीही उचलून न्यावे, मी रागवायचे नाही, अशी रीत आहे. त्याप्रमाणे तो म्हणाला, "हाच तो, साहेब! बांधा ह्या चोराला, ह्याचा आजा पण असलाच होता!" मी रीतीने पोट धरून हसलो. आपल्या कागदावर त्याच्या थट्टेची साक्ष झाली आणि माझ्या हसण्याचा कबुलीजबाब.

३. पुन्हा तपासावे तर मासाही उरला नाही. थट्टेच्या हक्काने सेफूने तो कचेरीच्या ओट्यावरून उचलला आणि नारळाच्या दुधात शिजवून खाल्ला. वर निरोप धाडला, "काटे हवेत का?" तेव्हाही मी हसलो.

४. वाटले, दुसऱ्या दिवशी येऊन तो खरे सांगेल. आला नाही. मीच त्याच्या दारी गेलो. म्हणालो, "सेफू, पुरे आता. माझी चूल त्या होडीवर पेटते." तो म्हणाला, "थट्टेवर रडतोस, हतिबू? बायका हसतील तुला." जप्त होडी समितीतर्फे आता त्याच्याच ताब्यात असून तो रोज तीच घेऊन समुद्रावर जातो. ज्याच्यासोबत पोहायला शिकलो त्याने केसाने गळा कापला, आणि मला रागवायचीही सोय नाही.

५. सबब विनंती की, सेफूस शपथेवर विचारावे. होडीला उशीर झाला तरी चालेल. परंतु मैताच्या दिवशी खड्ड्यात उतरून मेलेल्याची नक्कल करण्याचा व रडणाऱ्यांना हसवण्याचा मान आमच्यात थट्टेच्या भावाचा असतो. माझ्या वेळी तो सेफूला मिळू नये, असा लेखी हुकूम आजच व्हावा.

आपला, होडीवाचून किनाऱ्यावर बसलेला,
हतिबू म्वेंडा
म्सुफिनी, ४ नोव्हेंबर