गाणं सुरू होण्याआधीची शिट्टी

प्रिय बाईसाहेब,

काल फोनवर तू विचारलंस, जावईबापू कसे आहेत, आणि मी म्हणालो, मजेत. खोटं नाही बोललो. तू ज्याला जावईबापू म्हणतेस ते काळं खोकं बैठकीच्या खोलीत मानाच्या जागी बसलेलं आहे. तापत नाही, कुरकुरत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण परवापासून मी त्याचं बटण दाबलेलं नाही. तू शिवून दिलेलं कव्हर घालून ठेवलंय. का, ते तुला कालच सांगायचं होतं, पण जमलं नाही. तू तुझ्या ताईच्या गुडघ्याबद्दल सांगत होतीस. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली म्हणून तुला कोण आनंद झाला होता, आणि मी नुसता हं हं करत राहिलो. म्हणून आता लिहायला बसलोय. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी लिहिणार आहे. सुरुवातीपासून लिहीत गेलो नाही तर मुद्द्याशी येऊन मी शेपूट घालेन. तू मला ओळखतेसच.

निवृत्त झाल्यावर मी तुझ्या पायात पायात येत होतो, तेव्हा तूच म्हणाली होतीस की काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर मलाच दुसरीकडे नोकरी शोधावी लागेल. मग मला ते आमचं गाणी ऐकणाऱ्यांचं मंडळ सापडलं. तू त्यांना कानवाले म्हणतेस. मोबाइलवर दिवसभर आमचा काथ्याकूट चालायचा, कुठली तार चांगली, कुठला स्पीकर भिंतीपासून किती लांब. तिथेच मला कळलं की गाण्यासाठी वेगळा कॉम्प्युटर बांधतात. त्याने दुसरं काही करायचं नाही, फक्त साठवलेली गाणी वाजवायची. त्यात पंखा नको, कारण पंखा गुरगुरतो. फिरणारी डिस्क नको, कारण ती खरखरते. वीजपुरवठासुद्धा वेगळ्या डब्यात आणि लांब. मी हे सगळं तुला मोठ्या उत्साहाने समजावलं, तर तू टाके घालता घालता म्हणालीस, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जे जे असतं ते सगळं काढून टाकलेला कॉम्प्युटर तुम्हाला हवाय. मी चिडलो होतो. पण व्याख्या अगदी बरोबर होती.

आणि तो बांधला कुणी? मंडळात मी फोटो टाकले तेव्हा लिहिलं, ‘स्वतः बांधला.’ आतली एक मुंगीएवढी पिन माझ्या या जाड बोटांना काही केल्या बसत नव्हती. मी तीन वेळा तिच्यावर ओरडलो, चौथ्यांदा तुझ्यावर. तू चष्मा कपाळावरून खाली ओढलास, माझ्या हातातून चिमटा काढून घेतलास आणि सुईत दोरा ओवावा तशी ती पिन जागेवर बसवलीस. मग माझ्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी टॉर्च धरलास. फोटोत तुझा एक अंगठा आलाय. तेवढा मी कापून मग फोटो टाकला होता. ही या पत्रातली सगळ्यात किरकोळ लाज आहे, म्हणून आधी सांगितली.

पहिलं गाणं लावलं तेव्हा तू खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीत पडद्यांना दुमड घालत बसली होतीस. मी विचारलं, कसं वाटतंय? तू म्हणालीस, छान आहे, पण आधीही छानच होतं. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोललो नाही. त्यानंतर मला आवाज शोधायचं वेड लागलं. स्वयंपाकघरातला फ्रिज मागच्या भिंतीला गेला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून बाथरूमबाहेर टांगलं, आणि गिऱ्हाईक आलं की तू किती वाजले बघायला तिकडे पळायचीस. ऐन उन्हाळ्यात छताचा पंखा बंद. तू कागदी नमुन्याने वारा घेत बसायचीस आणि तो कागद फडफडतो म्हणून मी तुझ्याकडे रागाने बघायचो. तू कागद खाली ठेवायचीस.

एवढं करूनही एक शिट्टी राहिलीच. गाणं सुरू व्हायच्या आधी जी क्षणभर शांतता असते ना, तिच्यात एक बारीक, लांब सूर यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मला कोण त्रास झाला त्याचा! माझा संशय वीजपुरवठ्याच्या डब्यावर होता. दुकानदाराशी भांडून तो बदलून आणला. पुन्हा शिट्टी. पुन्हा भांडलो. तो बिचारा म्हणाला, काका, शप्पथ, दोन्ही डब्यांत काही नाही. मी त्याला सुनावलं की बाळा, मी उभं आयुष्य कारखान्यात बेअरिंगं कानाने तपासून पास-नापास केली आहेत, मला शिकवू नकोस. मग शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपावर संशय घेतला. त्यांचा पंप चार दिवस बंद होता, पण माझा संशय चालूच.

शेवटी मी मोजणीचा माइक आणला. खोलीत जेवढे म्हणून आवाज असतील ते तो टिपतो आणि पडद्यावर त्यांची रेघ दाखवतो. शिट्टी होती तिथे रेघेला एक टेंगूळ आलेलं. एका दुपारी तू पडदे पोचवायला बाहेर गेलीस आणि टेंगूळ नाहीसं झालं. मी श्वास रोखून बघत बसलो. रेघ सपाट. मग तू जिना चढून आलीस, पाणी न पिताच खुर्चीत बसलीस, आणि टेंगूळ पुन्हा वर आलं, आधीपेक्षा मोठं. मी उडीच मारली. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल, पण मला स्वतःच्या हाताने लिहायचंय. मी म्हणालो, अगं, यंत्रात काहीच दोष नाही, तूच शिट्टी वाजवतेस! मला आनंद झाला होता गं. अगदी मनापासून, हुश्श व्हावं तसा. माझं खोकं निर्दोष सुटलं होतं.

तू तोंडावर हात ठेवून हसलीस. मग म्हणालीस, अय्या, माझा होय, सॉरी हं. आणि पुढचं गाणं लागलं तेव्हा तू ओठ घट्ट मिटून, अगदी थोडा थोडा श्वास घेत बसली होतीस. तुझे खांदे वर-खाली होत होते. मला दिसत होतं. मी डोळे मिटून घेतले, कारण मला गाणं ऐकायचं होतं. गाणं संपल्यावर मी तुला अगदी गोड आवाजात विचारलं, आतल्या खोलीत बसशील का थोडा वेळ. तू शिवणाची टोपली उचललीस, गेलीस, आणि दारही तूच लोटून घेतलंस. तेव्हापासून आतली खोली तुझीच झाली. पुढे ताईचं ऑपरेशन ठरलं आणि तू तिच्याकडे जायला निघालीस. तुझी बॅग भरायला मी जरा जास्तच उत्साहाने मदत केली, हे तुझ्या लक्षात आलं असणार. तू काही बोलली नाहीस.

तू बोलली नाहीस म्हणून मी सुटलो असं समजू नकोस. पुढचं तुला माहीत नाही. तू गेलीस त्याच आठवड्यात मी दोन्ही रेघा मंडळात टाकल्या. एकीवर लिहिलं ‘बायको घरात’, दुसरीवर ‘बायको बाहेर’. बरोबर दोन्ही आवाजही टाकले. सगळे खोखो हसले. तो मिशीवाला, आपल्याकडे येऊन तू केलेल्या चहाची तारीफ करून गेलेला, त्याने लिहिलं की वहिनींना सायलेन्सर बसवा. आणि मी, तुझ्या नवऱ्याने, त्याला उत्तर दिलं की सध्या तो पार्ट बाहेरगावी पाठवलाय. त्यावरही लोक हसले. दिवसभर मी सारखा फोन उघडून किती जण हसले ते बघत होतो.

परवा सकाळी मंडळातल्या एका डॉक्टरांचा फोन आला. छातीचे डॉक्टर आहेत, मंडळात कधी काही लिहीत नाहीत. त्यांनी विचारलं, त्या रेकॉर्डिंगमध्ये कोण आहे? मला वाटलं माइकचं कौतुक करणार. मी माइकबद्दल सांगायला लागलो, कुठून आणला, किती बारीक टिपतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, माइक उत्तम आहे, पण हा श्वास चांगला नाही. विशेषतः श्वास आत घेतानाचा आवाज. असं शांत बसलेल्या माणसाला व्हायला नको. किती दिवस आहे हे? मग ते एकेक विचारत गेले. जिना चढताना थांबतात का? हो, दुसऱ्या मजल्यावर थांबते, तिथल्या बाईंच्या कुंडीतली पानं बघते. झोपताना उशी जास्त लागते? हो, माझी एक उशी घेतलीय. आवाज बसलाय का? हो, फोनवर ताईच तिला कोण बोलतंय म्हणाली होती. काम करताना पूर्वी गुणगुणायची, आता नाही. हे तर त्यांनी विचारलंही नव्हतं, मीच सांगितलं. त्यांच्या एकाही प्रश्नाला मला ‘माहीत नाही’ म्हणावं लागलं नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर आणि कानांसमोर घडत होतं.

ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले की साधं असू शकतं, औषधाने आटोक्यात येणारं, किंवा श्वासनळीला काही अडत असेल. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण आता थांबू नका. फोन ठेवला आणि मी तुझ्या खुर्चीकडे बघत बसलो. कारखान्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी काय शिकवायचो माहीत आहे? चालत्या यंत्रातून कालपर्यंत नव्हता असा आवाज आला की आधी हातातलं काम सोडायचं आणि ते यंत्र बघायचं. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून दार लोटणाऱ्याला मी कामावरून काढलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मंडळातून मी ते सगळं काढून टाकलं. का काढलं म्हणून विचारणा झाली तेव्हा लिहिलं, तो माझ्या बायकोचा श्वास आहे, ती आजारी आहे, आणि मी त्यावर विनोद केला. मिशीवाल्याचा संध्याकाळी फोन आला. वहिनींना कधी दाखवणार एवढं विचारून त्याने फोन ठेवला.

तुला सांगायला म्हणूनच काल फोन केला होता. पण तू बोलत होतीस आणि दोन वाक्यांच्या मध्ये मला ती शिट्टी ऐकू येत होती. या आपल्या साध्या फोनवर, बाहेर रस्त्यावर गाड्या चालू असताना, स्पष्ट. त्याला माइक कशाला लागतो? ती ऐकता ऐकता सांगायचं राहून गेलं. शिवाय फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, अहो, वय झालं आता, होतं असं, ताईला बरं वाटू दे मग बघू. आणि मला भीती वाटते की मी लगेच बरं म्हणालो असतो. तुझं असं म्हणणं आजवर मला फार सोयीचं पडलंय. तू समजूतदार आहेस, या एका गोष्टीवर मी किती मजा मारली, ते परवापासून एकेक आठवतंय.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या पहिल्या गाडीने घेऊन येतोय. ताईला मी येणार एवढंच सांगितलंय. मंडळातल्या त्या डॉक्टरांनी तिथल्याच एका डॉक्टरांना फोन केलाय, ते दुपारी तुला तपासणार आहेत. तिथे तुला जायचंच आहे, त्याबद्दल मी विचारत नाही, आणि तू नको म्हणालीस तर ताई तुला वॉकरने बडवेल. विचारायचं आहे ते वेगळंच. तिकडच्या दवाखान्यातल्या मुलीने फोनवर नाव लिहून घेताना विचारलं, पेशंटबरोबर कोण येणार? मी म्हणालो, नवरा. म्हणालो खरा, पण तुला न विचारता म्हणालो. ज्याने तुला श्वास घेतल्याबद्दल दुसऱ्या खोलीत पाठवलं, तो माणूस तिथे तुझ्या शेजारी बसलेला तुला चालेल का, हे मला ठाऊक नाही, आणि समोर उभं राहून विचारायचं धैर्य नाही. म्हणून हे लिहिलं. पत्र ताईच्या हाती देऊन मी खाली दारातल्या बाकावर बसणार आहे. तुला माझ्याबरोबर जायचं नसेल तर तसा निरोप पाठव, मी रिक्षा आणून देईन आणि मागून दुसऱ्या रिक्षाने येईन. आणि चालणार असेल तर खाली ये. ओठ मिटून येऊ नकोस. वाटेल तेवढा मोठा श्वास घे. मी ऐकतोय.

तुझाच,
बाकावर बसलेला