घेणाऱ्याची सही

जळोची, ता. बारामती
५ ऑगस्ट १९९६

ती. सौ. करुणाअक्का हिस,
धम्मदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

शेठनी टेम्पो विकल्यापासून मी काय करतोय, असं तू विचारलं होतंस. महिनाभर मी नुसता जेवतोय आणि खोलीच्या मालकाची नजर चुकवतोय. पण आता एकदम दोन नोकऱ्या दारात उभ्या आहेत. कालपर्यंत एक मिळेना आणि आज दोन्ही हातांत लाडू. खायचा कुठला, हे मात्र कळेना.

पहिली नोकरी मोहनरावांची. त्यांची बारामती ते इंदापूर पार्सल गाडी तुला माहीत आहेच. मॅटाडोर तुझ्या लग्नाच्या वेळची, चढ आला की तिची समजूत काढावी लागते. माणूस लाखात एक, पण पगाराची तारीख आठवली तर आठवली. तिथं सही नाही, पावती नाही. घर बंद असलं तर पार्सल शेजारी ठेवायचं आणि पुढं निघायचं. रोज दुपारी भवानीनगर लागेल, म्हणजे जेवण तुझ्या हातचं.

दुसरी पुण्याच्या तत्पर कुरिअरची. एमआयडीसी वाढली म्हणून त्यांनी इथं शाखा काढली. नवीकोरी निळी व्हॅन, निळा गणवेश, फंड आणि पगारही बरा. पण प्रत्येक पार्सलला घेणाऱ्याची सही लागते आणि प्रत्येक गावाची मिनिटं ठरलेली. आधी आठवडाभर चाचणी आहे.

दोघांनाही पंचवीस तारखेच्या आत सांगायचंय. अक्का, दोन वर्षांतली ही माझी तिसरी नोकरी. आता चुकलो तर हा पोरगा टिकत नाही असं बारामतीभर होईल आणि मग चावी कुणी हातात देणार नाही. झोप लागत नाही म्हणून लिहितोय. दाजींनाही विचार.

मेघनाला मामाची आठवण सांग. तुझी माया आहे तेवढी असू दे, कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
धम्मदीप

भवानीनगर, ता. इंदापूर
९ ऑगस्ट १९९६

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, फंड आहे ना, मग विचार कसला करायचा. कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला फंडापलीकडं काही दिसत नाही. मला विचारशील तर मोहनरावांकडं जा. माझा स्वार्थ आहे, कबूल करते. रोज दुपारी दारात भाऊ दिसेल, याहून मला काय हवं?

पण स्वार्थानं सल्ला देऊ नये, म्हणून मी एक युक्ती केली आहे. मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो, मग नोकरी का नको? आज वडगावला आईच्या नावानं दोन पार्सलं पाठवली. गोधडीसाठी जुन्या साड्यांचं गाठोडं मोहनरावांच्या गाडीत दिलं, वडगाव त्यांच्या वाटेवर नाही पण पोचवतो म्हणाले, आणि नवं लुगडं एसटीडी बूथवाल्याकडून तुझ्या त्या तत्परवाल्यांकडं. कुणाचं आधी आणि नीट पोचतं ते बघू. आईला यातलं काही कळवू नकोस. दाजी हसताहेत. म्हणे गुप्त पोलिसात भरती हो.

जेवणाची आबाळ करू नकोस. पत्रात तुझी थट्टा कमी आणि काळजी जास्त दिसली. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे हे ध्यानात असू दे.

तुझी,
करुणाअक्का

जळोची
१३ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या युक्तीला माझा साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मला काल संध्याकाळी मिळालं. आणि त्याच दिवशी सकाळी काय झालं ते ऐक.

माझी चाचणी चालू आहे. पुण्याचे मिहिर साहेब घड्याळ घेऊन शेजारी बसतात. वयानं माझ्याएवढेच, पण घड्याळ हातात घेतलं की सगळ्यांचे काका. काल निऱ्याच्या रस्त्याची फेरी मिळाली. वडगावात गाडी थांबवून पुढचं पार्सल उचललं, तर त्यावर नाव केसरबाई कचरू अहिवळे! मला वाटलं, पहिल्याच आठवड्यात आपल्याच आईला पार्सल, गंमतच आहे.

आई गोठ्यात होती. शेणाचे हात. मला गणवेशात बघून आधी ओळखलंच नाही, मग तोंडभर हसली. साहेबांनी गाडीतून हॉर्न दिला. मी कागद पुढं केला, शाईचा पॅड उघडला आणि सवयीनं तिचा अंगठा धरला. दहा वर्षांचा असल्यापासून डेअरीत, बँकेत, रेशनवर तिचा अंगठा मीच धरत आलोय ना.

आईनं हात सोडवून घेतला. म्हणाली, थांब, हात धुऊन येते, सही करते. मला वाटलं चेष्टा करतेय. मी म्हटलं, आई, उशीर होतोय, अंगठा दे. पुन्हा हॉर्न वाजला. तिनं पार्सल माझ्या हातात परत ठेवलं आणि म्हणाली, मग न्हाय घेत, ने माघारी. आणि आत गेली. चहासुद्धा विचारला नाही.

साहेब म्हणाले, शेरा लिहा आणि चला. मी लिहिला. कंपनीच्या नियमाप्रमाणे पार्सल तुझ्याकडं परत येईल. अक्का, आईला सही येते हे तुला माहीत होतं? मला माहीत नव्हतं. रात्री जेवण गेलं नाही. मला वाटतं ही निळी नोकरी माझ्या कामाची नाही.

दाजींना जयभीम. माझ्यावर रागावली असलीस तरी पत्र धाड.

धम्मदीप

भवानीनगर
१९ ऑगस्ट १९९६

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लुगडं माझ्या दारात परत आलं. त्यावर तुझ्या सुंदर अक्षरात 'घेण्यास नकार'. आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. मेघना घाबरून दाजींना बोलवायला पळाली.

काल रविवारी एसटीनं वडगावला जाऊन आले. आपल्या दोघांनाही लाज वाटावी अशी गोष्ट आहे बाबा. आई जानेवारीपासून विहारात इंदिराबाईंच्या साक्षरता वर्गाला जाते. सारजा, फुलाबाई आणि शेजारची छबूबाई बरोबर असतात. आम्हाला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, जमलं नसतं तर तुमी हासला असता. आपण दोघं शिकलेली मुलं, तिच्याकडं जातो तेव्हा दूध किती निघतं एवढंच विचारतो. पाटीवर काय लिहितेस हे कधी कुणी विचारलं?

आता मोहनरावांचं ऐक. गाठोडं चार दिवसांनी पोचलं, आई रानात होती म्हणून छबूबाईकडं ठेवून ते निघून गेले. मला वाटलं आई खूश असेल. छे! तिचा पारा त्यांच्यावरही चढलेला. एकाला अंगठा पाहिजे आणि दुसऱ्याला काहीच नको, मग मी शिकले कशाला, असं तिचं म्हणणं. म्हणजे माझ्या परीक्षेत दोघेही नापास. सल्ला देणारी अक्का तर सगळ्यांत आधी नापास.

तुला ती स्वतःच लिहिणार आहे. माझ्या हाती पत्र दे म्हटलं तर दिलं नाही, पोस्टानंच टाकणार म्हणाली. ते येईपर्यंत कुणाला हो किंवा नाही म्हणू नकोस. तुझ्या पाठीशी आम्ही आहोत, निर्धास्त राहा.

करुणाअक्का

वडगाव निंबाळकर
२० आगस्ट

चि. धम्मदीप,
जयभीम.

हे पत्र मी लिवलं. इंदिराबाई शेजारी बसल्यात पन हात लावला न्हाय. दोन दिस लागलं.

तुज्यावर राग हुता, आता न्हाय. चा इचारला न्हाय ते चुकलं.

सही करायची हुती त्येचं कारन सांगते. तुज्या बापाचं नाव मी कदी तोंडानं घेतलं न्हाय. ते हुते तवा न्हाय, गेल्यावरबी न्हाय. कुनी इचारलं तर तुला फुडं करायची. सहीत मदी त्येंचं नाव येतं. वर्गात पयल्यांदा लिवलं तवा लई येळ बगत बसले. अंगठ्यात त्येंचं नाव नसतं रं.

मोहनराव भला मानूस हाय. पर त्येंच्याकडं सहीच न्हाय. तू निळ्या गाडीवर जा. तितं घेनाऱ्याचं नाव लागतं. पर घाई करू नगं. आमच्या वर्गातल्या बायांना येळ लागतो. अंगठा धरू नगं, आदी इचार.

लुगडं परत आन.

केसरबाई कचरू अहिवळे

जळोची
३ सप्टेंबर १९९६

ती. सौ. अक्का हिस,
सविनय जयभीम. वि. वि.

आईच्या सांगण्याप्रमाणे निळ्या गाडीवर रुजू झालो. मोहनरावांना सांगायला गेलो तेव्हा पाय उचलत नव्हता. ते म्हणाले, बरं झालं, ही मॅटाडोर तुझ्याच्यानं इंदापूरला पोचली नसती. चहा पाजला आणि पाठीवर थाप मारली. तुझं दुपारचं जेवण मात्र बुडालं. रविवारी भरपाई करून घेईन, भाकरी जास्त थाप.

मिहिर साहेबांना रुजू व्हायच्या आधीच सांगितलं, की मी अर्धा तास लवकर गाडी काढतो, वडगाव सगळ्यांत शेवटी ठेवू द्या. तिथं मिनिटं मोजणार नाही आणि विचारल्याशिवाय कुणाचा अंगठा धरणार नाही. ते कारण विचारू लागले. मी खिशातलं आईचं पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. महिनाभर करून बघा म्हणाले.

तू पुन्हा पाठवलेलं लुगडं काल घेऊन गेलो. बातमी आधीच पोचली असावी, कारण सारजा, फुलाबाई आणि छबूबाई ओट्यावर हजर होत्या. आईनं हात धुतले, पदराला पुसले, कागद मांडीवर पाटी ठेवून तिच्यावर घेतला. मधल्या नावाशी आली तेव्हा बायका वाकून बघू लागल्या. साहेब गाडीतून उतरून जवळ आले होते, पण घड्याळाकडं बघितलं नाही. मला रडू आवरेना, म्हणून मी व्हॅनचं चाक तपासत बसलो.

सही झाल्यावर आईनं पेन माझ्याकडं दिलं. म्हणाली, खाली आणून देनाऱ्याची जागा कोरी हाय, कर सही. मी केली. वर केसरबाई कचरू अहिवळे, खाली धम्मदीप कचरू अहिवळे. आईनं दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं, बापाच्या नावावर थांबली आणि ते मोठ्यानं वाचलं.

अक्का, आपण दोघांनी तिच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मी काल ऐकलं. तू लवकर ये.

तुझ्या मायेत राहणारा,
धम्मदीप