बाबांचा चेहरा सांगताना

बाबा, तुमचा भिंतीवरचा फोटो खराब झाला. तुम्ही गेल्यावर स्टील प्लांटचं क्वार्टर सोडावं लागलं, अन् आम्ही जवळच्याच जुनवानीत किरायाच्या खोलीत आलो. तिथली भिंत यंदा इतकी पाझरली की फ्रेमच्या आत पाणी गेलं अन् चेहराच धुऊन निघाला. दुसरा फोटो नाही. लग्नाच्या फोटोत बाशिंगाखाली तुमचं तोंड दिसत नाही. आई म्हणाली, मार्केटात एक पेंटर आहे, कोणी नीट सांगतलं तर सांगण्यावरून चेहरा काढून देते. मी इकडे मंगळुरात टाइल्स बसवून राहिलो. फोनवर मोठेपणा करायले काय जाते? म्हटलं, "मीच सांगतो त्याले. तू रडत बसशील."

जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. मी सांगतलं, सावळे होते, मिशी होती, चेहरा चांगला होता. तो म्हणाला, "भैया, अच्छा चेहरा कैसे बनाऊँ? नाक बताओ, आँखें बताओ." मी नाक आठवायले गेलो. मग काय झालं कोणास ठाऊक, मी तुमच्या जोड्यांचंच सांगत सुटलो. प्लांटचे सेफ्टी शूज, डाव्याच्या टोकावर ठिणग्यांनी कातडं जळून आतलं लोखंड उघडं पडलेलं, उजव्यात लेसऐवजी सुतळी, टाचेशी लाल भुकटी. बोलता बोलता ते जोडे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तो हसला. "जूतों पे हार चढ़ाओगे क्या?"

त्याले काय सांगू? मी आठवीत शाळा सोडली, त्या दिवशी तुम्ही ड्यूटीले निघता निघता दारात थांबले आहात. "कावून नाही जात शाळेत? तोंड वर कर. माह्याकडे पाहून बोल." मी खालीच पाहून राहिलो आहे. तुम्ही रागावले की मी जोडे पाहायचो, अन् तुम्ही हसायचे तेव्हा मी घरी नसायचोच, कुठंतरी भटकत असायचो. त्याच साली तुम्ही गेले.

साइटवरच्या बाथरूममध्ये नवा आरसा लागला होता. फोन कानाशी धरून मी त्यात पाहलं अन् नाक सांगतलं, कपाळ सांगतलं, भुवया, डोळे. शब्द भराभर यायले लागले. पेंटर खूश झाला. "अब दिख रहे हैं बाबूजी."

चित्र आलं तेव्हा आईनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं, हार घातलेलं. ती बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "सारं जमलं रे बाबू. फक्त ते असे भिऊन नव्हते पाहत कोणाकडे."

मी म्हटलं, पेंटरची चूक होय, नीट करून घेऊ. "राहू दे," एवढंच म्हणाली.

पेंटरनं काही चुकवलं नाही, बाबा. मी सांगतलं तेच त्यानं काढलं. हे आईले सांगतलं नाही. तुमाले लिहून राहिलो, कारण हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. आता ती रोज फोन भिंतीकडे वळवते, म्हणते, बाबाले नमस्कार कर. मी हात जोडतो, अन् खाली पाहतो.